बाईनं कसं पडावं

सिनेमातली बाई जिन्यावरून कशी पडते ते तुम्हाला पाठ असेल. एक हात हवेत, मान मागे टाकलेली, केस तोंडावर. गडगडत खाली आली की एका कुशीवर, पाय जवळ घेऊन, तळवा कपाळापाशी. किंकाळी नंतर वेगळी भरतात. आता खरं सांगा, घरात कुणी बाई अशी पडलेली बघितलीय तुम्ही? आई, मावशी, बायको, एकदा तरी पडली असेलच की. धप्पकन बसते, आई गं म्हणते, कुणी बघितलं तर नाही ना ते बघते आणि कंबर धरून उठते. मग हे कपाळापाशी तळवा वगैरे आलं कुठून? तर ते एका पुरुषाचं आहे. सडपातळ, गुळगुळीत दाढी केलेला, सेहेचाळीस वर्षांचा एक बाप्या विग घालून वीस वर्षं झाडून सगळ्या नायिकांच्या वाटणीचा पडत होता. सेटवर त्याला सगळे 'वहिनी' म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचंही.

गोष्ट मात्र त्याची नाही, भिंगरीची आहे. त्याला आधी आणला, कारण तो आल्याशिवाय भिंगरीचं डोकं का फिरलं ते कळायचं नाही.

भिंगरी हे नाव तिच्या आईनंच ठेवलेलं, आणि कौतुकानं मुळीच नाही. पोर एका जागी ठरायची नाही. कपाटावरून उडी, भिंतीवरून उडी, जिन्याच्या कठड्यावरून घसरगुंडी. वडील लवकर गेले. आई लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर उभी राहून संध्याकाळी घरी आली की पहिला प्रश्न, "आज कुठं आपटलीस?" शेजारच्या पोरानं गुडघा फोडून आणला की त्याची आई हसायची, मुलगाच तो, पडणारच. भिंगरीनं फोडून आणला की आधी रट्टा आणि मग औषध. "गुडघ्यावर डाग राहिले तर उद्या कोण विचारील तुला?" हे वाक्य भिंगरीनं इतक्यांदा ऐकलं होतं की आईनं तोंड उघडलं की पुढचं ती म्हणून दाखवायची. मग दुसरा रट्टा.

शाळेत व्यायामाच्या बाई भेटल्या म्हणून बरं. त्यांनी पोरीला ओरडण्याऐवजी पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, खांदा पुढे, तळहात टेकायचा नाही, श्वास धरून ठेवायचा नाही, लोळण संपली की सरळ पायांवर. पुढे भिंगरी स्वतः एका शाळेत व्यायाम शिकवायला लागली. आठ वर्षं शिकवलं. मुलं मुली सगळी गादीवर कोलांट्या मारायची. मग एका पालकसभेत कुणा आईनं तक्रार केली, की मुलींचे खांदे रुंद व्हायला लागलेत, फ्रॉक बसत नाहीत. दुसऱ्या चौघींनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलींसाठी आपण तालावर हात हलवायचं काहीतरी छानसं ठेवू. भिंगरी म्हणाली, "ठेवा." गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि चालती झाली. वय वर्षं एकतीस, हातात दुसरं काही नाही. आईनं तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी बोलली तीही एवढंच, की तुझं तोंडच तुला खाणार आहे.

तर ही अशी बाई फाइट मास्तरकडे गेली. सिनेमातल्या मारामाऱ्या आणि उड्या बसवतो तो फाइट मास्तर. त्याची एक शेड होती, आत गाद्या, दोर, पुठ्ठ्याचे खोके आणि घामाचा वास. मास्तरनं कायदा सांगितला. या धंद्यात संघटनेचं कार्ड लागतं. कार्ड नाही तर काम नाही, आणि काम केलं नाही तर कार्ड नाही. यातून वाट एकच. शिकाऊ म्हणून मास्तरच्या हाताखाली तीन कामं करायची, मास्तर तीन चिठ्ठ्या देणार, त्या कमिटीपुढे ठेवायच्या. म्हणजे सगळं मास्तरच्या मर्जीवर.

"कर बघू काहीतरी," मास्तर म्हणाला. शेडमध्ये सरावासाठी दहा लाकडी पायऱ्यांचा जिना होता. भिंगरी वर गेली, पडली, खाली आली ती पायांवर. बघणारे सगळे खो खो हसले.

"अगं, ही पडली का उडी मारली?" मास्तर म्हणाला. "बाईसारखी पड."

"मी बाईच आहे की."

"तसं नाही गं. वहिनी, दाखव हिला."

कोपऱ्यात चहा पीत बसलेला वहिनी उठला. पेला खाली ठेवला, हात मागे टाकला, मान झोकली आणि दहा पायऱ्या गडगडून कुशीवर आला. तळवा कपाळापाशी. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

"अशानं मनगट मोडतं," भिंगरी म्हणाली.

"मोडतंच," वहिनी पडल्या पडल्या म्हणाला. "माझं दोनदा मोडलंय."

"मग असं का पडता?"

"बाई अशी पडते म्हणून."

"कुठली बाई?"

वहिनीनं मास्तरकडे बघितलं, मास्तरनं इतरांकडे. मग मास्तर म्हणाला, डोकं नको चालवू, सराव कर. बघा म्हणजे कशी गंमत आहे. वीस वर्षं बायकांनी सिनेमात या बाप्याला पडताना बघितलं आणि त्यांना वाटलं, आपण अशाच पडतो. भिंगरीच्या आईला सुद्धा तसंच वाटायचं. संध्याकाळी मालिका बघताना नायिका सोफ्यावर कोसळली की आई म्हणायची, "बघ, पडली तरी कशी शोभून दिसते. नाहीतर तू. पोतं टाकल्यासारखी."

पहिलं काम सायकलवरून पडण्याचं होतं, दुसरं पाण्याच्या टाकीत. दोन्ही झाली. मास्तरनं कुरकुरत दोन चिठ्ठ्या दिल्या. दोन्ही वेळा वहिनी बाजूला उभा राहून बघत होता आणि त्याचं तोंड कडू झालं होतं. टाकीच्या दिवशी चहाच्या टेबलापाशी त्यानं तिला गाठलंच.

"एक सांग. मी वीस वर्षं हाडं मोडून घेतली. माझ्या पायात सळई आहे. तेव्हा कुठं होता तुम्ही सगळ्या? एक बाई फिरकली नाही इकडे."

"फिरकायला दार उघडं होतं का?"

"ते मला नको विचारू. मी काय दारवान आहे?"

"मग दारात का उभे आहात?"

वहिनीनं चहा न पिताच ओतून टाकला आणि गेला. त्याचंही काही अगदीच चूक नव्हतं, हे भिंगरीला कळत होतं. सळई खरीच होती. पण त्याच्या सळईसाठी आपण घरी बसावं, असं तिला मुळीच वाटत नव्हतं, आणि मी म्हणते, का वाटावं?

तिसरं काम आलं ते असं. एक जुना बंगला भाड्यानं घेतलेला, त्यात चोवीस पायऱ्यांचा दगडी जिना. खलनायक नायिकेला ढकलतो, ती चोवीस पायऱ्या खाली येते, नायक धावत येऊन तिला उचलतो. भिंगरी सकाळी सातला हजर. कपड्यांच्या खोलीत गेली. ड्रेसवाल्या बाईंनी तिचं माप वहीत टिपून घेतलं आणि हँगरवरचा झगा पुढे केला. लाल, बिनबाह्यांचा, पाठ उघडी, गुडघ्यापर्यंतच.

"पॅड कुठं बांधू?" भिंगरीनं विचारलं.

ड्रेसवाल्या बाईंनी तोंडातली टाचणी काढली. "तेच मी त्यांना विचारलं. म्हणाले, तुला काय करायचंय."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वहिनी पडायचा तेव्हा नायिकेला त्या प्रसंगात नेहमी लांब बाह्यांचा, पायघोळ झगा असायचा. कारण वहिनीचे दंड केसाळ, आणि पिंढऱ्या बघवणार नाहीत अशा. त्या झग्याच्या आत कोपराला, गुडघ्याला, कंबरेला, पाठीला जाड पॅड. वीस वर्षं वहिनी गादी पांघरून पडत होता म्हणा ना. आता खरी बाई मिळाली, तिला झाकायचं काही कारण उरलं नाही. दिग्दर्शक तर खूश. "आता कॅमेरा जवळ नेता येईल," तो म्हणाला, "कातडी दिसेल." दगडी पायऱ्यांवर, चोवीस, उघड्या कोपरांनी.

भिंगरी झगा हातात घेऊन मास्तरपुढे उभी राहिली. "मास्तर, याच्यात मी पडणार नाही. बाह्या लावा, लांबी वाढवा, आत पॅड बांधते, मग म्हणाल तितक्यांदा पडते."

"नायिकेचे दोन सीन याच झग्यात झालेत. आता बदलता येत नाही."

"मग मी पण पडत नाही."

मास्तरचं टाळकं सरकलं. सगळ्या युनिटसमोर तो ओरडला. "बघितलंत? म्हणून बायका नकोत या धंद्यात! समानता पाहिजे, समानता पाहिजे, आणि दगड बघितला की रडारड."

"रडलं कोण?" भिंगरी पण ओरडली. "तुम्ही पडा ना याच्यात. घाला झगा आणि पडा!"

 नायिका खुर्चीत बसून नखं बघत होती. ती मध्ये बोलली नाही. तिचंही पोट यावरच होतं म्हणा. दिग्दर्शकानं घड्याळ बघितलं. बंगला संध्याकाळी सहाला सोडायचा होता. मास्तरनं फोन काढला आणि वहिनीला बोलावलं. भिंगरीला म्हणाला, "तू बस तिकडं. तिसरी चिठ्ठी विसर."

ती गेली नाही. भिंतीपाशी एका खोक्यावर बसली. दोन चिठ्ठ्या पर्समध्ये, तिसरीवाचून त्या रद्दी. वर्षभराचं काम, आईचे टोमणे, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं.

तासाभरानं वहिनी आला. सगळ्यांनी "आली, आली, वहिनी आली" म्हणून गलका केला. त्यानं हँगरवरचा झगा बघितला, उलटून पालटून बघितला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"बाह्या कुठायत?"

"बाह्या नाहीत याला," दिग्दर्शक म्हणाला.

"मग मी काय वेडा आहे का? उघड्या अंगानं दगडावर? बाह्या लावा, खाली घोळ लावा, तोवर मी नाष्टा करतो."

आणि काय झालं सांगू? कुणीही ओरडलं नाही. बायका नकोत म्हणून नाही, पुरुष नकोत म्हणूनही नाही. मास्तर म्हणाला, बरोबर आहे त्याचं, वीस वर्षांचा अनुभव आहे. दिग्दर्शक म्हणाला, ठीक, नायिकेचे दोन सीन परत घेऊ, लांब बाह्यांत. जे सकाळी बदलता येत नव्हतं ते दहा मिनिटांत बदललं. भिंगरी खोक्यावरून उठली.

"मी पण हेच म्हटलं होतं. शब्दन् शब्द हाच!"

"म्हटलं असशील," मास्तर तिच्याकडे न बघता म्हणाला.

ड्रेसवाल्या बाईंना हुकूम गेला. तोच लाल झगा, लांब बाह्यांचा, पायघोळ, दोन नग. एक नायिकेचा, एक डबलचा, म्हणजे तिच्या जागी पडणाऱ्याचा. कापड होतं. मशीन दोन तास खडखडत राहिलं. नायिकेचे सीन पुन्हा झाले. साडेतीन वाजता डबलचा झगा तयार झाला आणि वहिनी तो घालायला पडद्याआड गेला. आतून आधी धडपड, मग टरकन आवाज.

पडदा बाजूला झाला. झगा वहिनीच्या खांद्यांत अडकला होता आणि पाठीची चेन वीतभर उघडी. एकीकडची शिवण उसवलेली. आत पॅड घालायचं सोडा, पोटात श्वास घालायला जागा नव्हती.

"हे काय शिवलंय?" मास्तर किंचाळला.

"डबलचा झगा," ड्रेसवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या. वही उघडून त्यांनी बोट ठेवलं. "डबलचं माप सकाळी घेतलं ते हिचं. पॅडसाठी दोन बोटं सैल सोडलंय. डबल बदलल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मला तर विचारलं तरी म्हणतात, तुला काय करायचंय."

चूक झाली होती की मुद्दाम केली होती, ते भिंगरीला आजतागायत कळलेलं नाही. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या आणि टाचण्या असल्या की त्यांचं तोंड नेहमी तसंच दिसायचं. नवीन शिवायला कापड उरलं नव्हतं, वेळ तर नव्हताच. दिग्दर्शकानं खिडकीतल्या उजेडाकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "ती आहे का अजून? बोलवा."

भिंगरीनं पॅड बांधले. उसवलेली शिवण बाईंनी तिच्या अंगावरच चार टाक्यांत धरली. पहिल्या टेकला ती पडली आणि सवयीनं पायांवर आली. दिग्दर्शक ओरडला, अगं नायकानं उचलायचंय, उठतेस काय! दुसऱ्या टेकला त्याला हात हवेत पाहिजे होता. तिनं हात छातीशीच ठेवला. "बाईसारखी पड!" म्हणून मास्तर खालून ओरडत राहिला. तिसऱ्या टेकला तिनं कुणाचंच ऐकलं नाही. धक्का बसताच ती कमरेतून वळली, खांद्यावर आली, दोनदा लोळली, मधल्या पायऱ्यांवर अख्खं शरीर कठड्यावर आपटून फिरलं, आणि शेवटच्या चार पायऱ्या ती नुसती खाली आदळत आली. भयंकर दिसलं ते. खरं दिसलं. नायक धावत यायचं विसरून तोंड उघडून उभा राहिला. भिंगरी उठली, कोपर चोळलं आणि विचारलं, "झालं का?" उजेड संपला होता. झालंच म्हणावं लागलं.

चिठ्ठी मात्र मास्तरनं दिली नाही. आधी सिनेमा लागू दे, मग बघू.

सिनेमा लागला आणि पडला. कथा भिकार होती. पण ते जिन्यावरून पडणं लोकांच्या फोनवर फिरायला लागलं. पोरं ते हळू करून बघायची, उलटं फिरवून बघायची. कुणीतरी लिहिलं, ही कसली बाई, हा तो वीस वर्षं विग घालणारा. आणि मग सगळीकडे तेच. लोकांना आता माहीत झालं होतं ना, की नायिकेच्या जागी पुरुष पडतो. माहिती असली की माणूस डोळे वापरायचं सोडतो. वहिनीला फोनवर फोन यायला लागले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, अहो ते मी नाही. दुसऱ्या दिवशी नुसता हसला. तिसऱ्या दिवशी त्याला टीव्हीवर बोलावलं, आणि कुठल्या कार्यक्रमाला? बायकांच्या धाडसाचा कौतुकसोहळा होता! त्यात हा मधोमध बसलेला, 'नायिकांमागचा हिरो' म्हणून. मागे पडद्यावर भिंगरी पडतेय, आणि हा मान लववून टाळ्या घेतोय. निवेदिकेनं विचारलं, इतकी वर्षं बाई म्हणून जगताना बाईचं मन कळलं का हो? तो म्हणाला, कळलं ना. बाई म्हणजे सोसणं.

भिंगरीच्या आईनं इस्त्रीनं सुजलेले पाय बादलीतल्या गरम पाण्यात घालून तो कार्यक्रम बघितला. संपल्यावर टीव्ही बंद केला.

"तू तर म्हणालीस, तू पडलीस."

"मीच पडले."

"मग हा काय खोटं बोलतोय? टीव्हीवर?" आई पाय पुसता पुसता मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ दे गं. नसेल झालं तर नसेल. पण आईशी तरी खोटं बोलू नकोस."

मास्तरचा ओरडा परवडला, हे नाही. भिंगरी ताडकन उठून न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रागानं रडली. मग तोंड धुतलं आणि संघटनेत फोन करून सांगितलं, की त्याच जिन्याच्या कामावर कार्ड मागायला उद्या अकराला कमिटीपुढे येते.

संघटनेचं ऑफिस टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. आत कमिटीचे तिघे. अध्यक्ष झोपाळू, खजिनदार नुसता मान हलवणारा, आणि बोलणारा एकटा चिटणीस. भिंगरीनं अर्ज, दोन फोटो, दोन चिठ्ठ्या ठेवल्या आणि फोनवर तो प्रसंग दाखवला.

"हे माझं तिसरं काम."

चिटणीसनं बघितलं आणि हसला. "बाई, आम्ही या धंद्यात म्हातारे झालो. हे बाईचं पडणं आहे का? बाई अशी पडत नाही."

"सेटवर पण हेच म्हणाले. मी बाईसारखी पडत नाही. आता तुम्ही म्हणता, पडली ती बाईच नाही. म्हणजे मी करू काय नक्की?"

चिटणीसनं मास्तरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मास्तर म्हणाला, "गडबडीचा दिवस होता हो. वहिनीला बोलावलं होतं, एवढं खरं." आणि फोन ठेवला. ड्रेसवाल्या बाईंना विचारा, भिंगरी म्हणाली. त्या आपल्या संघटनेच्या नाहीत, त्यांची साक्ष चालत नाही, चिटणीस म्हणाला. आणि चालणारा साक्षीदार त्यानं आधीच बोलावून ठेवला होता. वहिनी आतल्या खोलीतून आला. टीव्हीवरचाच नवा शर्ट अंगात.

"काय रे, हा तूच ना?"

वहिनीनं फोन हातात घेतला. एकदा बघितलं, परत बघितलं. भिंगरी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "सगळी दुनिया म्हणतेय तर मीच असणार."

"झालं तर मग," चिटणीसनं अर्ज मिटला.

 भिंगरीनं पिशवीतून पॅड काढले. खुर्चीत बसून एकेक बांधले, कोपरांना, गुडघ्यांना, कंबरेला. सावकाश, पट्टे ओढून. चौघे बघत राहिले.

"हे काय चाललंय?"

"बिनपॅडची पडायला मला काही वेड लागलेलं नाही," ती म्हणाली. "बाहेर या सगळे."

ऑफिसच्या दारातून सरळ खाली उतरणारा सिमेंटचा जिना होता, एकोणीस पायऱ्यांचा. चिटणीस "अहो बाई, अहो बाई" करत बाहेर येईपर्यंत ती वरच्या पायरीवर पाठमोरी उभी राहिली आणि गेली. खांदा, लोळण, कठडा, पुन्हा खांदा. शेवटच्या चार पायऱ्या तशाच आदळत. टायरवाला हातातला पाना टाकून धावत आला. "लांब व्हा," ती म्हणाली आणि उठली. गुडघा पॅडमधूनही सणकून लागला होता. तिनं वर बघितलं. चौघांचे चेहरे एका ओळीत.

"या वहिनी!" ती खालून ओरडली. "आता तुम्ही. जसे त्या दिवशी पडलात तसे. पॅड माझे घ्या."

वहिनी पहिल्या पायरीवर आला. एकोणीस पायऱ्या खाली बघितल्या. उजवा हात कठड्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"जाऊ दे ना आता," चिटणीस म्हणाला. "त्याच्या पायात सळई आहे."

"सिनेमात पडताना नव्हती?"

वहिनी पुटपुटला. चिटणीसनं कान पुढे केला. "काय म्हणालास?"

"मी नव्हतो म्हणतोय तो!" वहिनी एकदम फुटला, आणि फुटला तो त्यांच्यावरच. "बहिरे आहात का? मी नव्हतो! मला असं येत नाही!" मग कठडा धरून, दुखरा पाय आधी टाकत तो एकेक पायरी खाली आला, भिंगरीकडे मान वर न करता बाजूनं गेला आणि रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासा झाला. तिनं त्याला हाक मारली नाही. तिला त्याची कीव आली नाही. यायला हवी होती का, ते तुम्ही ठरवा.

वर चिटणीस अर्ज हातात घेऊन उभा होता. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला.

"तिसऱ्या चिठ्ठीचं आम्ही बघून घेऊ. अहो पण बाई, एक अडचण आहे. यावर छापलंय, नायिकेचा डबल, आणि पुढे लिंग पुरुष. छापीलच आहे. दुसरा फॉर्मच नाही आमच्याकडे."

"मग खोडा ते," भिंगरी म्हणाली, आणि पिशवीत पेन शोधत, लंगडत जिना चढायला लागली.